कातळावरचं जैतून

बत्तीस वर्षं बोटीवर काढून इसाक सारंग घरी आले
ते गुडघेदुखी आणि एक हट्ट घेऊन:
अंजनवेलच्या कातळावर जैतून लावायचं.

माझी रोपवाटिका खाली, धक्क्याच्या वाटेवर.
काजूची कलमं विकते. वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात.
चारचं बोंड लाल, सातची बी टपोरी,
कुणाला काय द्यायचं ते आधी जमीन विचारून ठरवते.
जैतुनाचं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"राजस्थानातून तीन जाती मागवल्यात," सारंग म्हणाले,
"तू वही घाल. कंची इथली होते, बघू."

वही घातली.
आर्बेकिना: ठेंगणी, गुबगुबीत, लवकर धरते म्हणतात.
कोरोनेकी: पान बारीक, वाऱ्याला भीत नाही.
बार्निया: डोलकाठीसारखी सरळ.
शेवटचा रकाना शिफारशीचा, तो कोरा.

कातळाला सुरुंग लावून तीन खड्डे.
लाल माती, शेणखत, वर शिंपल्यांचा चुरा,
कारण आमची माती आंबट
आणि या बायांना चुना लागतो.

पहिल्या वर्षी बार्निया हात-हातभर वाढली.
दुसऱ्या श्रावणात मुळं कुजून आडवी झाली.
नोंद: गेली. कारण: पाय ओले.
आर्बेकिनाच्या पानांवर मोराच्या डोळ्यासारखे डाग,
दोनदा बोर्डो मारला, तरी पानगळ.
कोरोनेकी खारा वारा खात उभी, खुजी, करडी,
पान उलटलं की चांदीची.

फूल मात्र कुणालाच नाही.

"थंडी लागते त्यांना," मी म्हटलं,
"आपल्याकडे जानेवारीतही गोधडी
अर्ध्या रात्री पायाशी जाते."
सारंग काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीतून
बर्फाच्या लाद्या आल्या, भुशात गुंडाळलेल्या,
सुरमईच्या वासाच्या.

महिनाभर, रोज रात्री, बुंध्याशी बर्फ.
जुलेखाभाभी दारातून बघत.
एकदा मला म्हणाल्या,
"मला टायफॉइड झाला तवा हा माणूस बसऱ्याला होता."

सकाळी झाडाखाली डबकं,
डबक्याशी गावातली सगळी मांजरं.
फूल नाही.

मग एका दुपारी मी त्यांना देवराईत नेलं.
"हे पारजांभूळ. तुमच्या जैतुनाची चुलत भावकी."
ते बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले.
"शाळेत याच्याच खालनं जायचो मी,
नाव कुणी सांगितलं नाय."
खाली पडलेलं काळं निळं फळ उचललं, चावलं,
तोंड वाकडं केलं.
"जैतूनही झाडावरून कडूच लागतं ना?" मी विचारलं.
"ठाव हाय. इझमीरला खाल्लंय," ते म्हणाले,
"खाऊन थुंकलंय."
आणि तिथेही थुंकले, पण जरा बाजूला जाऊन,
देवाची जागा म्हणून.

या आषाढात पारजांभळाच्या रोपांवर
कोरोनेकीच्या अकरा काड्या बांधल्या.
नऊ वाळल्या.
दोन हिरव्या आहेत, पट्टीच्या आत, अजून तरी.
सारंग रोज संध्याकाळी येतात, चष्मा पुसतात,
वाकून बघतात. पट्टीला हात लावला की मी ओरडते.

काल पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं,
वेळणेश्वरला वर सड्यावर जागा घेतलेलं.
"ऑलिव्हमध्ये इथे कुठलं चांगलं?"
मी वही उघडली, कोऱ्या रकान्याकडे पाहिलं,
मिटली,
आणि वेंगुर्ला सातची दहा कलमं काढून दिली.

सारंग बाकावरच होते. सगळं ऐकलं त्यांनी.
उठले, गुडघा धरत,
आणि ती दहा रोपं त्याच्या डिकीत लावून दिली,
शेंडे आत वळवून, पिशव्या एकमेकींना टेकवून,
खवळलेल्या समुद्रातही हलणार नाहीत अशी.